हरवलेला साइड रॉड आणि दिसणारी बाजू

प्रश्न : माझे मामा परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. सत्तरच्या दशकात कामानिमित्त इंग्लंडला गेले तेव्हा तिथून ‘ईव्हनिंग स्टार’ या वाफेच्या इंजिनाचा एअरफिक्सचा संच घेऊन आले. प्लॅस्टिकचे भाग चिकटवून बनवायचा, शोकेसमध्ये ठेवायचा. तो बांधायचा राहूनच गेला. मामा गेल्यावर मामींनी डबा मला दिला. आता सातवीतली माझी मुलगी आणि मी तो पुरा करायचं म्हणतोय. पण भाग लावून पाहिले तर एका बाजूचा साइड रॉड (चाकं जोडणारी दांडी) नाही, चिमणीशेजारचा धूर वळवणारा एक पत्रा नाही, एक बफर (टोकाला धक्का झेलणारा दांडा) नाही, टेंडरचं, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्याचं, एक चाक नाही. कठडा दोन ठिकाणी तुटलाय. खिडक्यांना काचा नाहीत. त्या हरवल्या की मुळात नव्हत्याच ते कळत नाही, कारण माहितीचा कागद अर्धा फाटलाय. नंबराचे छाप पिवळे पडलेत. यजमान म्हणतात, नवा संच आणा आणि मोकळ्या व्हा. ऑफिसातले एक जण म्हणतात, हल्ली सगळं 3डी प्रिंट करून मिळतं. तुम्ही काय सांगाल? — स. दे., नाशिक

उत्तर : ताई, यजमानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, पण त्यावर शेवटी येते. आधी एक काम उरकून घ्या. मोठ्या ताटात सगळं ओता आणि डब्याचे कोपरे, पुठ्ठ्याच्या घड्या, पिशवीच्या शिवणी नीट तपासा. पन्नास वर्षं हललेल्या डब्यात बफरसारखा भाग घडीत जाऊन बसतो. स्प्रूची, म्हणजे भाग ज्या काडीच्या चौकटीला लागून येतात तिची, मोकळी टोकंही बघा. तुटल्याची ताजी पांढरी खूण असेल तर भाग अलीकडे निसटलाय आणि घरातच कुठेतरी आहे. खूण जुनी, मळकट असेल तर मामांनीच तो काढला होता. मग तो दुसऱ्या एखाद्या भागाला आधीच चिकटलेला असू शकतो. फाटलेल्या माहितीपत्रकाचं फार मनावर घेऊ नका. जुन्या एअरफिक्स संचांची पत्रकं स्कॅन केलेली मिळतात.

या संचाची वंशावळ तुमच्या कामाची आहे, म्हणून थोडक्यात सांगते. तो मुळात एअरफिक्सचा नाही. इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशरमधल्या रॉन्ड्स गावात रोझबड नावाची बाहुल्या बनवणारी कंपनी होती. तिनं 1959 साली ‘किटमास्टर’ या नावानं रेल्वेचे संच काढायला सुरुवात केली. 1962 मध्ये एअरफिक्सनं ते सगळं विकत घेतलं आणि त्यातल्या काही इंजिनांचे संच पुढे आपल्या नावानं विकले. एअरफिक्सचा कारभार 1981 मध्ये कोलमडला. नंतर त्या दशकात रेल्वेचे हे साचे डॅपोल या ब्रिटिश कंपनीकडे गेले, आणि त्यांतून अजूनही माल निघतो. ईव्हनिंग स्टार त्यात आहे. तेव्हा डॅपोलच्या संचातला साइड रॉड तुमच्या इंजिनाला बसेल, कारण साचा एकच. इतक्या वर्षांत साचा झिजलाय एवढंच. कडांना पातळ पापुद्रे येतात, ते ब्लेडनं खरवडायचे.

मग सरळ तेच का नको? तुमची यादी पाहता नको. सिलिंडरचा ठोकळा, बॉयलरचा अर्धा भाग किंवा मोठं चाक हरवलं असतं तर मीच म्हटलं असतं, दुसरा संच घ्या आणि त्यातून काढून लावा. तसले भाग घरी घडवण्यात हशील नाही. तुमच्याकडे जे गेलंय त्या बहुतेक भागांचा जोडीदार डब्यातच आहे. इंजिनाला दोन बाजू असतात हे आपलं मोठं भांडवल. एक पत्रा गेला तरी दुसरा आहे, एक बफर गेला तरी तीन आहेत. माप घ्यायला आराखडा लागत नाही.

आता खरा मुद्दा. इंजिन कपाटात कुठल्या बाजूनं दिसणार ते आज ठरवा, गोंद उघडायच्या आधी. मागची बाजू भिंतीकडे जाणार असेल तर ती तुमची कारखान्याची बाजू. जो भाग दोन्ही बाजूंना चालतो, त्यातला मूळचा दिसत्या बाजूला आणि घडवलेला भिंतीकडे. बफरचंही तेच. मूळचे दोन पुढच्या तुळईवर लावा, राहिलेला एक आणि घरचा एक टेंडरच्या मागे. लोक इंजिनाच्या तोंडाकडे बघतात, टेंडरच्या पाठीकडे कुणी वाकून बघत नाही. टेंडरची चाकं तर बाहेरच्या चौकटीमागे अर्धी झाकलेली असतात. घडवलेलं चाक भिंतीकडच्या बाजूला मधल्या आसावर टाकलंत की विषय संपला. मात्र सगळेच भाग असे फिरवता येत नाहीत. सिलिंडर, पायऱ्या, वाफेचे नळ यांत डावं-उजवं असतं. उरलेला साइड रॉड दोन्ही बाजूंच्या चाकांवर नुसता धरून बघा. दर्शनी भागावर खाच आणि मागे सपाट असं असेल, तर तो उलटा करून चालेल की नाही ते तिथेच कळेल.

साहित्यात एक फसगत होते ती आधी सांगते. हा संच पॉलिस्टायरीनचा आहे, आणि त्याचा पातळ गोंद फक्त पॉलिस्टायरीनच जोडतो, तेही वितळवून. आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात ‘प्लॅस्टिक शीट’ मागितलं की पीव्हीसी, ॲक्रिलिक किंवा फाइलच्या कव्हराचं पॉलिप्रॉपिलीन हातात येतं, आणि चिकटवलेलं दुसऱ्या दिवशी गळून पडतं. एव्हरग्रीन किंवा स्लेटर्सचं प्लॅस्टिकार्ड, म्हणजे पॉलिस्टायरीनची शीट, ऑनलाइन मागवा; अर्धा मिमी आणि एक मिमी जाडीचं एकेक पान पुरे. ओळखायची खूण म्हणजे गोंदाचा थेंब टाकल्यावर पृष्ठभाग मऊ, चिकट होतो. डब्यातला स्प्रूही फेकू नका, तेच प्लॅस्टिक आहे. त्याचे बारीक तुकडे गोंदाच्या बाटलीच्या तळाशी उरलेल्या गोंदात टाकून ठेवा, लापशी होते. फटी भरायला ती उत्तम, कारण सुकल्यावर मूळ भागासारखीच घासली जाते. ॲक्रिलिकच्या नेमप्लेट बनवणारे क्लोरोफॉर्म वापरतात आणि तो तुम्हालाही देऊ करतील. पॉलिस्टायरीन त्यानंही जुळतं, पण पातळ दांडी बघता बघता पाघळते आणि त्या वाफा मुलीच्या नाकात जाता कामा नयेत. तो नको म्हणजे नकोच.

तर रॉड. सगळ्यात अवघड हाच, आणि करायला मजा यातच.

ईव्हनिंग स्टार हे 9एफ वर्गातलं इंजिन. जोडलेली दहा चाकं, एका बाजूला पाच, आणि ती पाचही ज्या दांडीनं एकत्र फिरतात तो हा साइड रॉड. पाच भोकांतलं एक जरी चुकलं तरी चाकं तिरकी होतात. म्हणून भोकांची मापं कुठल्याही आराखड्यावरून घेऊ नका, स्वतःच्या बसवलेल्या चाकांवरून घ्या. खऱ्या इंजिनाला 4 मिमी म्हणजे 1 फूट या हिशेबानं लहान केलेला हा संच आहे, पण प्लॅस्टिक आकसतं आणि मामांनी एखादा आस किंचित वाकडा चिकटवला असेल, तर आराखडा खरा असूनही उपयोगाचा नाही.

आधी भिंतीकडची पाचही चाकं बसवून सुकू द्या, आणि बसवताना पाचांच्या पिना, म्हणजे रॉड ज्यांवर बसतो त्या खुंट्या, एकाच दिशेला आणा. सगळ्या खाली केल्या तर रॉड आडवा, चाकांच्या तळाशी येईल. मग जाडसर कागदाची पट्टी त्या पिनांवर आडवी धरायची आणि प्रत्येक पिनेवर नखानं दाबायचं. कागदावर पाच गोल वळ उठतात. मुलीची नजर तुमच्याहून तीक्ष्ण असणार, हे काम तिला द्या. ती पट्टी ग्लूस्टिकनं एक मिमीच्या प्लॅस्टिकवर चिकटवा. प्रत्येक वळाच्या मध्यावर सुईनं टोचा, मग हातानं फिरवायच्या पिन व्हाइसनं बारीक भोक पाडा. पिनेच्या मापाचं ड्रिल लगेच लावायचं नाही. बारीक भोक पाडून रॉड पिनांच्या टोकांवर धरून बघायचा. कुठलं भोक कुणीकडे सरकलंय ते दिसतं, आणि गोल कानशीनं त्याच बाजूला खरवडून ते मोठं करत जायचं. भोकं जमेपर्यंत पट्टी रुंदच ठेवा. कडा शेवटी कापायच्या. आधी अरुंद पट्टी कापून मग भोकं पाडायला गेलात तर दोन्ही बाजूंना मिमीभरही प्लॅस्टिक उरत नाही आणि ड्रिलच्या दाबानं ती भोकाशी चिरते.

प्रत्येक भोकाभोवती मूळ रॉडला गोल फुगवटा असतो. चामड्याला भोकं पाडायचा पंच असतो ना, पट्टा लहान करायला वापरतात तो? त्यानं अर्ध्या मिमीच्या प्लॅस्टिकच्या टिकल्या पाडा, मधे भोक घ्या आणि रॉडवर बसवा. मधली टिकली मोठी हवी, कारण पिस्टनकडून येणारा कनेक्टिंग रॉड तिसऱ्या चाकाला लागतो. मधल्या चाकाची आणखी एक गंमत आहे. खऱ्या 9एफच्या तिसऱ्या जोडीला फ्लँज, म्हणजे चाक रुळावर धरून ठेवणारी कड, नव्हताच, इतकं लांब इंजिन वळणावर अडकू नये म्हणून. फोटोत ते चाक वेगळं दिसलं तर संचात चूक आहे असं समजू नका.

दिसत्या बाजूची चाकं बसवताना पिना याच दिशेला ठेवायच्या नाहीत. दोन सिलिंडरांच्या इंजिनात डाव्या आणि उजव्या बाजूचे क्रँक, म्हणजे या पिनांच्या जागा, एकमेकांशी 90 अंशांवर असतात. तसे नसते तर दोन्ही पिस्टन एकदम टोकाला येऊन इंजिन जागच्या जागी अडलं असतं. भिंतीकडे पिना खाली केल्यात, तर इकडे त्या पुढे किंवा मागे. शोकेसमधलं इंजिन चालणार नाही हे खरं, पण परळच्या वर्कशॉपमधल्या कुणी ते हातात घेतलं तर पहिली नजर तिथेच जाईल.

रॉड जमला की धूर वळवणारा पत्रा म्हणजे किरकोळ काम. मूळचा पत्रा अर्ध्या मिमीच्या शीटवर ठेवून कडेनं अणकुचीदार पेन्सिल फिरवा, उलटा करून कापा, पॉलिश पेपर लावा. इंजिनाला बसायची खुंटी असेल तर मागून स्प्रूचा तुकडा लावा. पत्रा दिसत्या बाजूचाच हरवला असेल तर उरलेला तिकडे नेता येत नाही. मग दोन्ही नवे कापा, एकसारखे दिसतील.

बफरला गोल स्प्रूचा तुकडा आणि पुढे पंचानं पाडलेली एक मिमीची टिकली, एवढं बस. व्यास शेजारच्या बफरवरून व्हर्नियरनं घ्या. टेंडरच्या चाकाला मात्र आरे असतात, ते कापत बसू नका, छाप घ्या. घरोघरी असणारं एमसील चालतं. शिल्लक चाकाच्या दर्शनी बाजूला व्हॅसलिनचा अगदी पातळ हात द्या, मळलेलं एमसील त्यावर दाबा, पुरतं कडक झालं की चाक सोडवा. साचा तयार. साच्यात टाल्कम पावडर भुरभुरून पुन्हा एमसील दाबा. जे चाक निघेल त्याला मागची बाजू नसेल, आऱ्यांच्या मधल्या जागाही थोड्या बुजलेल्या असतील. चौकटीमागे काळ्या रंगात ते कुणाला दिसणार नाही. हे चाक फेविक्विक किंवा अराल्डाइटनं लावायचं, प्लॅस्टिकच्या गोंदानं नाही. आणि फेविक्विक लावाल तिथे मुलीची बोटं लांब.

कठडे तारेचे करा, मूळच्यापेक्षाही छान दिसतात. खऱ्या इंजिनाची धरायची दांडी साधारण सव्वा इंच जाड धरली तर या मापाला ती जेमतेम 0.4 मिमी होते, आणि साच्यात ओतलेलं प्लॅस्टिक इतकं बारीक निघत नाही. अकूस्टिक गिटारच्या नेहमीच्या लाइट संचातली दुसरी तार जवळपास याच जाडीची असते. पण ती पोलादी, तिच्यानं चांगल्या कटरची धार जाते; जुनी पक्कड वापरा. लॅन केबल सोलली तर आत तांब्याच्या अर्ध्या मिमीच्या तारा मिळतात, किंचित जाड पण वळवायला सोप्या. ती सरळ करायला काचेवर ठेवून वरून स्टीलची पट्टी दाबून घोळवा. भोकात तार आणि फेविक्विकचा टाचणीच्या टोकावर मावेल इतका थेंब.

काचांसाठी मात्र फेविक्विक वर्ज्य. त्याच्या वाफेनं पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरं मळभ चढतं आणि ते जात नाही. शर्टाच्या खोक्यावरचं पारदर्शक प्लॅस्टिक कापा, कडेला पांढरं फेविकॉल लावा. सुकल्यावर ते दिसेनासं होतं. अगदी बारीक खिडकी असेल तर प्लॅस्टिकही नको. टूथपिकवर फेविकॉल घेऊन खिडकीच्या कडेकडेनं फिरवायचं आणि मग आरपार ओढायचं, साबणाच्या फुग्यासारखा पडदा धरतो आणि सुकला की काच.

तुमच्या ऑफिसातल्यांना सांगा, 3डी प्रिंट हे काही डब्यातून बाहेर येणारं वरदान नाही. आधी कुणीतरी भाग मोजून संगणकावर काढावा लागतो. सपाट रॉड काढण्यापेक्षा कापणं लवकर होतं. त्यात गल्लोगल्ली असणारे प्रिंटर प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर चढवतात, आणि एवढ्या लहान भागावर ते थर रंगाखालूनही दिसतात. रेझिनचा प्रिंटर गोल, नक्षीदार भागांना चांगला. चाकाचं एमसील मनासारखं निघालं नाही तर तिथे जरूर वापरा. मुलीला संगणकावर काढायची हौस असेल तर तिनं बफर काढावा, गोल आणि सरळ आहे, एका दुपारी होईल.

ऑनलाइन सुटे भाग शोधताना मात्र एक सांभाळा. तुमचा संच ओओ मापाचा, म्हणजे 1 फुटाला 4 मिमी या हिशेबाचा आहे. एचओ नावाचं युरोपातलं माप त्याच 16.5 मिमी रुळांवर चालतं, म्हणून विकणारे दोन्ही एकाच पानावर मांडतात. पण एचओमध्ये 1 फुटाला 3.5 मिमी. ईव्हनिंग स्टारची मोठी चाकं मुळात 5 फुटांची. ओओमध्ये ती 20 मिमी, एचओमध्ये साडेसतरा. ‘रूळ तोच आहे’ म्हणून घेतलेलं चाक बसवल्यावर इंजिन लंगडतं.

रंगासाठी फोटो लागतील ते खुद्द ईव्हनिंग स्टारचेच बघा, नुसते 9एफचे नको. या वर्गात 251 इंजिनं झाली आणि ती काळी होती. ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेलं हे शेवटचं वाफेचं इंजिन, क्रमांक 92220, स्विंडनच्या कारखान्यातून मार्च 1960 मध्ये बाहेर पडलं. त्याला मान म्हणून हिरवा रंग, नाव आणि चिमणीला तांब्याचं काठ दिलं गेलं. पाच वर्षांतच ते सेवेतून काढलं, पण मोडीत गेलं नाही. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयानं जपलंय, त्यामुळे सगळ्या बाजूंनी काढलेले भरपूर फोटो सापडतात. रंगाआधी राखाडी प्रायमर सगळ्यांवर एकाच वेळी मारा. घडवलेला पत्रा आणि मूळचा पत्रा राखाडीत शेजारी ठेवलेत की कुठे घासायचं राहिलंय ते लख्ख दिसतं.

राहिले पिवळे छाप. कागद काचेला आतून चिकटवा, छापांची बाजू उन्हाकडे, आणि नाशिकच्या उन्हाला दोन-तीन आठवडे काम करू द्या. पिवळेपणा बराच उतरतो. पण इतक्या जुन्या छापांचा पापुद्रा पाण्यात घातल्यावर तुकडे तुकडे होतो, म्हणून भिजवण्याआधी वरून पारदर्शक लॅकरचा एक पातळ हात मारून सुकवा आणि नको असलेल्या एखाद्या छापावर प्रयोग करून बघा. तो फुटला तर जुन्याचा नाद सोडा. फॉक्स ट्रान्सफर्ससारखे लोक ब्रिटिश इंजिनांचे छाप नव्यानं छापतात. पाकीट पोस्टकार्डाएवढं असतं, इंग्लंडहून येणाऱ्या कुणाच्याही पुस्तकात बसेल. पत्रक आणि डबा मात्र जपून ठेवा. डब्यावर एअरफिक्सऐवजी किटमास्टर लिहिलेलं निघालं, तर काहीही चिकटवण्याआधी मला फोटो पाठवा. ते जुने डबे संग्राहक शोधत असतात.

आणि रॉड दोनदा फसला तर खुशाल यजमानांचं ऐका आणि डॅपोलचा संच मागवा. त्यातला साइड रॉड मामांच्या इंजिनाला लावा, तुमचा घडवलेला नव्या इंजिनाला. ते नवं मुलीचं. तिच्या कपाटात कुठली बाजू दिसायची ते तिला ठरवू द्या.